एकोणिसाव्या संकष्टीचा घास

लोक मला भाविक म्हणतात. खरं सांगायचं तर मी भित्री आहे, आणि भीतीलाच भक्ती समजून मी पुष्कळ वर्षं काढली. ह्यांच्या बँकेने आम्हाला जपानला पाठवलं त्याला आता सहा वर्षं होतील. ग्योतोकु नावाच्या उपनगरात घर आहे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी स्टेशनच्या जिन्यावर ह्यांच्या छातीत कळ आली आणि चार दिवसांत बायपास झाली. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून मी गणपतीला एकवीस संकष्ट्या बोलले. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन होते तशी संकष्टी नव्हे. चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. एक जरी मोडली तरी सगळ्या फुकट, अशी अटही मीच घातली. देवाने काही मागितलं नव्हतं. बोललेला नवस सांगू नये म्हणून ह्यांनाही सांगितलं नाही.

ह्यांना तरुणपणापासून डोंगरांचं वेड. सह्याद्रीतला एक किल्ला सोडला नसेल. डॉक्टरांनी हळूहळू चढायला परवानगी दिली तसे हे कामाला लागले आणि सानरिकु किनाऱ्यावरच्या डोंगरांतल्या निवाऱ्यांची ह्यांनी यादी केली. त्या किनाऱ्यावर समुद्र डोंगरांच्या कुशीत खोलवर शिरलेला आहे, आणि वर कड्यांवर अडल्यानडल्यासाठी बांधलेल्या लाकडी खोल्या आहेत. कुणी मालक नाही, कुलूप नाही. तिथे बसून खाली खाडीकडे बघत चहा प्यायचा, एवढीच ह्यांची इच्छा. सुट्टी मंजूर झाली, तिकिटं निघाली, आणि मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. चढायच्या दिवशीच संकष्टी. माझी एकोणिसावी.

सांगितलं असतं तर ह्यांनी दिवस बदलला असता. पण मग का, कशासाठी, सगळंच निघालं असतं. मी गप्प बसले. चढायच्या दिवशी सकाळी पायथ्याच्या खानावळीत ह्यांनी मासे नसलेलं काय आहे ते विचारून घेतलं, आणि मी पोट बरं नाही म्हणून नुसतं पाणी प्यायले. पन्नाशीची बाई, आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही, आणि चालली डोंगर चढायला. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

पहिला तास बरा गेला. मग धुकं उतरलं आणि गार वारा सुटला. वाटेवरच्या झाडांना गुलाबी फिती बांधलेल्या असतात, एक दिसली की पुढची शोधायची. मला आधी फिती अंधुक दिसू लागल्या, मग पाय कापायला लागले. ह्यांनी माझी पाठपिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. पुढच्या चढावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ओल्या दगडावर बसले ती बसलेच. ह्यांनी काखेत हात घालून मला उठवलं, दहा-बारा पावलं जवळजवळ उचलूनच नेलं. आणि मग हेच खाली बसले. तळहात छातीवर होता.

जिभेखालची गोळी मी कशीबशी ह्यांच्या तोंडात सरकवली. फोनला रेंज नव्हती. पुढची फीत दिसत नव्हती, मागचीही नाही. ज्या माणसाच्या जिवासाठी मी उपाशी होते तोच माझ्या उपासापायी असा बसला होता, आणि हे त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं. त्या क्षणी मी हात जोडले नाहीत. मी देवावर चिडले. मनात म्हटलं, अठरा महिने तुला दिलेला शब्द पाळला, आणखी काय पाहिजे तुला? मग तेही बळ संपलं आणि मी नुसती म्हणाले, मला आता काही कळत नाही, तूच बघ.

थोड्या वेळाने घंटा ऐकू आली. बारीक आवाज, थांबून थांबून. इथे डोंगरात अस्वलाने दूर राहावं म्हणून लोक कमरेला घंटी बांधतात, हे मला माहीत होतं. तरी अंगावर काटा आला. धुक्यातून एक म्हातारी बाई उतरत आली. सत्तरी ओलांडलेली, पायात रबरी बूट, गळ्यात टॉवेल. ह्यांचा चेहरा बघून तिने प्रश्न विचारले नाहीत. आम्हाला कळावं म्हणून हाताने वर दाखवलं. निवारा तिथून शंभर पावलांवर होता, आणि आम्हाला त्याचं छप्परही दिसलं नव्हतं.

आत लोखंडी शेगडी अजून कोमट होती. तिने लाकडं सारली, ह्यांना भिंतीला टेकवून बसवलं, चहा ओतला. ह्यांची कळ ओसरत होती. भिंतीशी लाकडांची मोठी रास होती. एवढी लाकडं तुम्ही वर आणली का, असं मी माझ्या मोडक्या जपानीत विचारलं. ती हसली. म्हणाली, पलीकडच्या वाटेच्या पायथ्याशी ढीग असतो, जो चढतो तो आपल्याला झेपेल तसं एखादं लाकूड घेऊन येतो. कुणी कुणासाठी आणलं ते कुणालाच माहीत नसतं. ती स्वतः दर शनिवारी खोली झाडायला येते. त्या दिवशी बुधवार होता. खिडकी लावल्याचं आठवेना, म्हणून पलीकडून चढून आली होती, शेगडीवर चहा केला आणि आलीच आहे तर या बाजूच्या फिती बघायला उतरली होती.

मग तिने डब्यातून भाताचा गोळा काढला आणि माझ्यापुढे धरला. मी मान हलवली. पोटावर हात ठेवून नको म्हटलं. हे माझ्याकडे बघत होते.

“आज संकष्टी आहे का?” ह्यांनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. बाक, एकवीस, अट, सगळं. ह्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, “माझ्यासाठी उपाशी राहून तू पडलीस, आणि तुला उचलताना मी. गणपतीने हे मागितलं असेल असं खरंच वाटतं तुला?”

म्हातारीला आमचं काही कळलं नसणार. तिने गोळ्याचे दोन भाग केले, एक ह्यांच्या हातावर ठेवला, एक माझ्या. “अर्धा त्यांचा, अर्धा तुमचा,” ती म्हणाली. “डोंगरात दोघांनी मिळूनच खायचं असतं.”

देवळात प्रसाद घेतात तसा माझा हात आपोआप पुढे झाला होता. मी घास तोंडात घातला. आत खारवलेलं आंबट फळ होतं. गिळला, आणि ह्यांच्या छातीकडे बघत बसले. अठरा महिने ज्या क्षणाची धास्ती घेतली होती तो आला होता. ह्यांची छाती वरखाली होत होती. हे भात चावत होते. मी रडले, पोटभर रडले, आणि उरलेलं खाल्लं.

ती आम्हाला पलीकडच्या सोप्या वाटेने खाली घेऊन गेली आणि तिने आपल्या छोट्या ट्रकमधून गावच्या दवाखान्यात पोचवलं. हृदयाचा आलेख ठीक निघाला. ताण पडला, एवढंच डॉक्टर म्हणाले. त्या आजींचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते मला आजही सुचत नाही.

हा चमत्कार होता असं मी म्हणत नाही. एका बाईला खिडकीची शंका आली, इतकंच म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. पण मी दगडावर बसून मागत होते त्याच्या कितीतरी आधी ती लाकडं वर पोचली होती. आणणाऱ्यांनी माझ्याकडून एकही संकष्टी घेतली नव्हती. एवढं कळायला मला एक डोंगर लागला. संकष्टी मी अजून करते, खिचडी खाऊन, चंद्राला अर्घ्य देऊन. अट कसलीच नाही.

भीती गेली असंही नाही. पुढच्या मंगळवारी ह्यांची मोठी तपासणी आहे, हृदयाच्या नळीत पुन्हा काही दिसतंय म्हणे. काय निघेल ते मला ठाऊक नाही. परवा मी फार वेळ देवापुढे बसले होते. मागायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, द्यायला माझ्याकडे काहीच नाही, आणि त्याला ते चालतंय. मग हात जोडले, उठले, आणि ह्यांच्या ताटाशेजारी माझंही ताट मांडलं.