सातांपैकी एक अहवाल

उदय मोघे मिरजेहून डॉक्टर होऊन साउथहॅम्प्टनला आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. हाडांच्या विभागात त्याला नोकरी मिळाली आणि तिथेच तो राहिला. कन्सल्टंट, म्हणजे विभागातला वरिष्ठ तज्ज्ञ, मात्र कधी झाला नाही. तीनदा मुलाखत दिली, तिन्ही वेळा त्याच्या हाताखाली शिकलेल्या कुणालातरी ती जागा मिळाली. घरी येऊन तो म्हणायचा, "असू दे," आणि बायको सुनीती समजायची की आज फार बोलायचं नाही.

त्याचं खरं मन अमेरिकन फुटबॉलमध्ये होतं. हेल्मेट घालून, लांबट चेंडू घेऊन खेळतात तो खेळ. पहिल्या वर्षी हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये टीव्हीवर बघताना त्याला वेड लागलं. खेळाडूंपेक्षाही त्याला आवडायचा तो जनरल मॅनेजर. कोच शिकवतो, खेळाडू खेळतात, पण संघात कोण असायचं आणि कोण नाही, हे ठरवतो तो जनरल मॅनेजर. उदयला वाटायचं, जगात याहून चांगली नोकरी नाही.

गावात सोलेंट हेरॉन्स नावाचा एक हौशी क्लब होता. उदय अठरा वर्षं दर शनिवारी तिथे जायचा. नवीन खेळाडू बघायचा आणि वहीत लिहायचा. कोण कसा पळतो, कुणाचा खांदा दुखावलेला आहे, कोण हरल्यावर कसा वागतो. क्लबचा जनरल मॅनेजर कॉलिन स्वतः जुना खेळाडू. तो डोळ्यांनी बघून माणसं निवडायचा, आणि त्याचे डोळे म्हणजे उदय. फोन करून विचारायचा, "घ्यायचा का?" उदय "हो" म्हणाला की तो खेळाडू संघात. हॉस्पिटलमध्ये जे कधी मिळालं नाही ते इथे होतं. त्याच्या शब्दाला वजन होतं.

मग नवीन मालक आले, हेरॉन्स युरोपातल्या एका व्यावसायिक लीगमध्ये गेला आणि कॉलिन निवृत्त झाला. उदयने त्या जागेसाठी अर्ज केला. सुनीतीनेही केला.

सुनीती त्याच हॉस्पिटलमध्ये बेड मॅनेजर होती. कुठल्या पेशंटला कुठल्या वॉर्डात बेड द्यायचा, कोण आज घरी जाऊ शकतो, कुणाला थांबायला सांगायचं, हे ती रोज सकाळी आठ वाजता वीस जणांचं ऐकून ठरवायची. खेळातलं तिला सुरुवातीला काही कळत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी क्लबला परदेशी खेळाडूंच्या व्हिसाचा गोंधळ निस्तरायला माणूस हवा होता, तेव्हा उदयनेच तिचं नाव सुचवलं होतं. तेव्हापासून क्लबचं बरंचसं ऑफिसचं काम तिच्याकडेच आलं होतं.

जागा तिला मिळाली.

मालकांपैकी एका बाईंनी उदयला बोलावून नीट समजावलं. "डॉक्टर, खेळाडू ओळखणारी माणसं आता आमच्याकडे आहेत. आकडे बघणारे आहेत, व्हिडिओ बघणारे आहेत, फिजिओ आहेत. जनरल मॅनेजरने या सगळ्यांचं ऐकायचं आणि निर्णय घ्यायचा. काम बदललंय."

तो घरी आला तेव्हा सुनीती किचनमध्ये उभीच होती. चहा केलेला, पण तिने घेतला नव्हता.

"तू म्हणशील तर मी नाही म्हणून सांगते," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? अभिनंदन," उदय म्हणाला, आणि चहा गार झालाय म्हणून कपबशी उचलून मायक्रोवेव्हकडे गेला. तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून, असं त्याने नंतर मला, त्याच्या जुन्या मित्राला, सांगितलं.

एडिनबराला शिकणाऱ्या लेकीचा, सान्वीचा, फोन आला. "बाबा, आईचा फोटो पेपरात आला आहे. तू बघितलास?" तो म्हणाला, बघितलाय. बघितला होताच. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये तीन जणांनी दाखवला होता. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात लोक सुनीतीभोवती जमले. एका तरुण जोडप्याने तिच्यासोबत फोटो काढला आणि मग तो मुलगा अदबीने उदयला म्हणाला, "काका, तुम्हालाही आवडतो का हा गेम?"

उदय म्हणाला, "थोडाफार." तिळगूळ घेतला आणि गाडीत जाऊन बसला.

त्यानंतर तिचं काही चांगलं झालं की त्याच्या पोटात दुखायला लागलं. ती फोनवर एखाद्या खेळाडूचं नाव चुकीचं उच्चारायची तेव्हा त्याला बरं वाटायचं. पहिला सराव सामना संघ हरला, तेव्हा त्याने भांडी घासताना शीळ घातली. स्वतःच्या लक्षात आलं तेव्हा थांबला.

फेब्रुवारीत संघाला क्वार्टरबॅक हवा होता. चेंडू फेकणारा, सगळा खेळ ज्याच्या हातात तो खेळाडू. यानिक नावाचा एक चोवीस वर्षांचा जर्मन मुलगा मिळत होता. सुनीतीने पद्धत अशी बसवली होती की प्रत्येक खेळाडूबद्दल सात जणांनी वेगवेगळे अहवाल लिहायचे, एकमेकांशी न बोलता. सातवं नाव तिने मुद्दाम उदयचं घातलं होतं.

रविवारी दुपारी उदयने लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. दहा मिनिटांत त्याला दिसलं. चेंडू फेकल्यावर तो मुलगा डाव्या पायावर भार टाकत नव्हता. डावीकडे वळताना एक छोटं जास्तीचं पाऊल टाकायचा. उदयने तो तुकडा मागे नेऊन तीनदा बघितला. हाडांचा डॉक्टर होता तो. गुडघ्यात आत काहीतरी बिघडलं आहे, यात त्याला शंका नव्हती.

बाहेर सुनीती गॅरेजमधून रिसायकलिंगचे डबे काढत होती. खिडकीतून ती दिसत होती. उदयने लिहिलं, "हालचाल उत्तम. ताबडतोब घ्यावा." आणि पाठवून दिलं.

आठवडाभर तो शांत होता, जवळजवळ खुशीत. रोज वाट बघायचा, यानिकला घेतल्याची बातमी कधी येते. मोसम मे महिन्यात सुरू होणार होता. जूनपर्यंत तो मुलगा पडेल आणि सगळे विचारतील, याला घेतला कुणी?

शुक्रवारी संध्याकाळी सुनीती त्याला हॉस्पिटलमधून न्यायला आली. कार पार्कमध्ये तिने गाडी सुरूच केली नाही.

"यानिकला आपण नाही घेतला," ती म्हणाली.

"का?"

"सातांपैकी तिघांनी डाव्या पायाबद्दल लिहिलं होतं. म्हणून स्कॅन करून घेतला. गुडघ्यातली कूर्चा सुटत आलीय. एक सामना जरी खेळला असता तर कायमचं अधू होण्याची भीती होती, असं सर्जन म्हणाले. त्याचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे."

उदयने मांडीवरची बॅग मागच्या सीटवर ठेवली.

"त्या तिघांतला एक तर आकडे बघणारा मुलगा आहे, उदय. त्याला गुडघ्यातलं काही कळत नाही. त्याला फक्त पावलं जास्त दिसली. आणि तू लिहिलंस, हालचाल उत्तम."

"सुटलं असेल माझ्या नजरेतून."

"तुझ्या नजरेतून हे सुटेल यावर माझा विश्वास नाही. पंचवीस वर्षं बघतेय मी तुला."

शेजारच्या गाडीत कुणीतरी सामान भरत होतं. ती गाडी निघून गेली. मग उदय म्हणाला, "तू पडावंस असं वाटत होतं मला."

"ते कळलं होतं मला. संक्रांतीलाच कळलं होतं. माझ्यावर जळलास ते मी समजू शकते, कदाचित तुझ्या जागी मीही जळले असते. पण त्या मुलाचा पाय, उदय. तू डॉक्टर आहेस."

नंतर तो मला म्हणाला, तोपर्यंत त्या मुलाचा विचारच माझ्या मनात आला नव्हता. पाय दिसला होता, मुलगा दिसला नव्हता. आणि आणखी एक गोष्ट त्याला बोचली, ती कबूल करायलाही त्याला लाज वाटत होती. कॉलिनच्या काळात त्याच्या एका खोट्या शब्दाने क्लब बुडाला असता. आता त्याचं खोटंही सातांत एक म्हणून वाहून गेलं.

सुनीतीने त्याचं नाव यादीतून काढलं. "घरी तू माझा नवरा आहेस. तिथे तू कुणी नाहीस," एवढंच म्हणाली. दीड-दोन महिने त्यांच्यात कामापुरतं बोलणं होतं. उदयने यानिकला पत्र लिहिलं. काय बघितलं आणि काय लपवलं ते सगळं. सहा ओळींचं उत्तर आलं. त्यात क्षमा नव्हती, ऑपरेशन नीट झाल्याचं तेवढं होतं. ते त्याने सुनीतीला दाखवलं. तिने वाचलं, आणि त्या दिवशी दोघं बऱ्याच दिवसांनी शर्ली रोडच्या बाजूला फिरायला गेले.

पुढच्या मोसमाआधी खेळाडू शोधणाऱ्या विभागाच्या प्रमुख ग्विनने उदयला परत घ्यायचं ठरवलं. सुनीतीने एकच अट घातली, अहवालांवर नावं नकोत, नुसते नंबर. कुणाचा कुठला हे तिलाही कळता कामा नये.

मागच्या महिन्यात जेवताना ती म्हणाली, "तो नवा डिफेन्सचा मुलगा काय खेळला आज. चार नंबरवाल्याने ठाम लिहिलं होतं, हा मंद आहे, घेऊ नका. बाकी सगळ्यांचं ऐकून मी घेतला."

चार नंबर उदयचा होता. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, आणि तो चुकला होता. तीच जुनी जळजळ परत उठली. अजूनही उठते, तो म्हणतो, जात नाही ती.

"चार नंबरवाल्याला काय दिसलं नसेल?" त्याने विचारलं.

सुनीतीने ताट बाजूला सारलं आणि तो मुलगा चेंडू कुठे जाणार ते आधीच कसं ओळखतो, हे त्याला सांगायला लागली. उदय ऐकत राहिला.