व्याह्यांचा सुभेदार

दोन हजार बावीस साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि माझ्या सुनेच्या वडलांसारखा येडा माणूस सातारा-सांगलीत दुसरा नाही, हे मी चौथी शिकलेल्या हातानं लिहून देतो. हे विट्याचे. जन्म गेला केरळात सोनं गाळण्यात. तिकडून येताना लोक नारळ आणतात, यांनी इग्वाना आणला. म्हणजे पाण्यात पोहणारा, शेपटीसकट माणसाएवढा हिरवा सरडा. त्याच्यासाठी अंगणात हौद, थंडीला उबेचा बल्ब, न्याहारीला जास्वंदीची फुलं. त्याच्याशी बोलायचं मल्याळीत, मराठी त्याला उमजत नाही म्हणे. हौदाजवळ विडी पेटवली म्हणून एकदा मला उठवलं. मला, व्याह्याला!

तेही सोसलं असतं. पण नाव ठेवलं सुभेदार. मी उभी जवानी पलटणीत घासून नाईक म्हणून घरी आलो, आणि सरडा सुभेदार.

त्यात माझी एकुलती नात. आजोळी गेली की परतायचं नाव नाही. म्हणायची, “आबा, तुमच्याकडं जास्वंद न्हाई. सुभेदाराला सोडून कशी येऊ?”

त्या नाताळच्या सुट्टीत मी तिला न्यायला सकाळीच पोचलो, तर रात्री वीज जाऊन बल्ब विझलेला आणि सुभेदार लाकडासारखा ताठ. खड्डा खणून झाला होता. गळ्यात जास्वंदीचा हार, कपाळाला गुलाल. नात हुंदके देत होती. आता पोर माझ्याकडं येईल, एवढंच माझ्या मनात आलं.

व्याही डोळे पुसत म्हणाले, “पावणं, तुमी फौजेतलं. एक सलाम ठोका.”

“सरड्याला?”

“हुद्दा मोठा हाय त्येचा.”

नात बघत होती. मी टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला.

त्याला खड्ड्यात ठेवायला मात्र कुणाचा हात होईना. व्याही त्याच्याशी मल्याळीत बोलत बसून राहिले. तोवर अंगणात ऊन आलं. ऊन अंगात मुरलं तसा सुभेदारानं एक डोळा उघडला, आणि दुपारपर्यंत स्वतःच्याच हारातलं फूल खाऊ लागला. नात धावली ती त्याच्याकडं.

व्याह्यांनी मला बाजूला घेतलं. थंडीनं नुसता गारठला होता तो. “पावणं, माझ्यामागं ह्येला तुमी संभाळाल का?”

मी हो म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या कुंपणाच्या जास्वंदीच्या फांद्या न विचारता मोडून घेतल्या, आणि गावी येऊन गोठ्यामागं, उन्हाच्या अंगाला लावल्या.