पप्पांच्या हृदयावरचं ठिगळ

अटॅकनंतर चौथ्या दिवशी पप्पांच्या हृदयातल्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडलं. अंधेरीच्या हॉस्पिटलात सर्जनांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. भोकावर ठिगळ लावायचं, पण लगेच नाही.

"आत्ता स्नायू ओल्या कागदासारखा आहे, टाके धरणार नाहीत. चार-पाच दिवस काढता आले तर बरं."

ते दिवस निघतील का, हे आम्ही विचारलं नाही.

संमतीचा फॉर्म आईने माझ्याकडे सरकवला. "इंग्लिश मीडियमला कशाला घातलं तुला? वाच आणि सांग."

मी सांगत गेले. भूल, रक्त, धोके. मग ठिगळ कशाचं, ते आलं. गाईच्या हृदयाभोवतीचं आवरण, प्रक्रिया केलेलं. गोरेगावच्या आमच्या देवळाबाहेर एक बाई गाय घेऊन बसते. तिच्याकडून चारा घेऊन गाईला घातल्याशिवाय आई सकाळचा चहा घेत नाही.

"ठिगळ कसलं गं?"

"मेडिकल कापड असतं एक."

तिने सही केली. पप्पा गेले, तर ती सही माझ्या खोट्यावर झालेली राहणार. हॉस्पिटलातल्या खुर्चीत बसून पाच दिवस मी तेवढाच विचार केला.

मग ऑपरेशन झालं आणि पप्पा निभावले. सर्जन म्हणाले, ठिगळ भोकापेक्षा बरंच मोठं लावलंय. कडेचा स्नायू मेलेला होता, म्हणून टाके त्याच्यापासून लांब, धड स्नायूत घातलेत.

घरी आल्यावर पप्पांनी फाइल मागितली. नोकरीभर त्यांनी फायलीच वाचल्या, एक ओळ सोडत नाहीत. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मी खिडकीच्या पडद्याकडे बघत राहिले.

"आवशीक सांगितलंस?" आई आत होती, तिकडे बघत त्यांनी विचारलं.

"नाही. कापड म्हटलं."

"मगे आता सांगा नको." फाइल मिटून म्हणाले, "माका काय नाय."

आई पिशवी घेऊन बाहेर आली. "देवळात जाऊन येते."

"आज गाईला दोन पेंढ्या घाल. एक माझ्या नावाची."

"तुम्हाला कधीपासून हे सुचायला लागलं?"

"पडून पडून," पप्पा म्हणाले.

ती चप्पल घालून गेली. मी फाइल कपाटात एक्स-रेंच्या खाली ठेवली आणि कितीतरी दिवसांनी भरदिवसा झोपले.