राणी जेवली

आमच्या ह्यांना गप बसवायचं काम मी लगीन झाल्यापासून करत आले. लोकांचे ते बन्सीभाऊ, वेरूळच्या लेण्यांचे गाईड. आन् गाईडाची बायको म्हणजे फुकटची पर्यटक! पाव्हणे ताटावर बसले तरी ह्यांचं सुरूच. लेण्यांच्या लिंपणात भांगेच्या झाडाचा चुरा कालवलाय म्हणून त्याला कीड लागली नाय. हा सगळा डोंगर म्हणजे धरतीच्या पोटातून उसळलेला रस, तो गार होऊन दगड झाला. इकडं आमची भाजी गार व्हायची त्याचं काय? मी म्हणायची, "गप बसा आता." तेवढ्यापुरते गप, मंग पुन्हा टकळी सुरू.

कैलास लेण्याची गोष्ट तर माझ्या हाडात मुरलेली. राजा आजारी पडला, तशी राणी नवस बोलली. राजा बरा झाला तर शिवाचं देऊळ बांधीन, आन् त्याचा कळस दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाय. राजा झाला बरा, पण देऊळ काय चार दिसात उभं राहतंय? राणी मरायची पाळी आली. तवा पैठणचा एक कारागीर पुढं झाला. म्हणला, मी देऊळ वरून सुरू करतो. त्यानं डोंगरात आधी कळस कोरला, मंग खाली खाली उतरत गेला. राणीची गोष्ट लोकांच्या तोंडची, पण देऊळ खरंच वरून खाली कोरलंय, ते शिकलेली माणसंबी मानतात. शेवटाला हे जरा थांबायचे, आवाज खाली आणायचे आन् म्हणायचे, "कळस दिसला. राणी जेवली." मंडळी टाळ्या वाजवायची. मी मातर दरवेळी म्हणायची, त्या बाईला दुसरं काही सुचलं नाय का? उपाशी राहून कुणाचं भलं झालंय?

दिवाळी सरली आन् ह्यांचा घसा बसला. हळद-दूध झालं, जेष्ठमध झालं, काही फरक नाय. शेवटी संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात नेलं, तर घशात गाठ. ऑपरेशन झालं, गाठ तपासायला गेली आन् साधी निघाली. जीव भांड्यात पडला. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काही आठवडे एक शब्दबी बोलायचा नाय, कुजबुजायचंबी नाय. आवाज येईल, पण पयल्यासारखा येईल का, ते आत्ताच सांगता येत नाय. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. बिनआवाजाचा गाईड कुणाला पायजे?

मला वाटलं होतं, चला, आता कानाला जरा आराम. कशाचा आराम! घर खायला उठलं. चहा पायजे तर हे वाटी वाजवायचे. एकदा दूधवाला कुणाला तरी सांगत होता, की कैलासाचे दगड खालून वर चढवले. हे उठले, न्हाणीतून कपड्याच्या साबणाची नवी वडी आणली आन् चाकूनं वरून कोरत बसले, त्याला दाखवायला. वडीचं वाटोळं झालं. मी लई बोलले, पण ह्यांचे डोळे भरलेले दिसले तशी मीच खाली बसून साबणाचा चुरा गोळा केला.

त्या सोमवारी घृष्णेश्वराला गेले. हात जोडले आन् तोंडातून निघून गेलं, ह्यांच्या तोंडून कैलासाची गोष्ट शेवटापर्यंत ऐकीन, तवाच भाकरी खाईन. देवळाबाहेर आल्यावर कळलं, अगं बाई, ही तर त्या राणीचीच खोड!

मंग काय, भगर, शेंगदाणे आन् केळी. एक दिवस नळावर डोळ्यापुढं अंधारी आली. सून मोनिका धावली. तिनं खोदून खोदून विचारलं आन् सासऱ्याला सगळं सांगितलं. ह्यांनी कपाळाला हात लावला. नातवाच्या पाटीवर लिहिलं, "येडी हायेस का?" मी म्हणलं, देवाला दिलेला शब्द हाय.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला. जखम भरलीय म्हणाल्या. उद्यापासून बोला, पण सुरुवातीला दोन-चारच शब्द. गोष्टी-बिष्टी सांगायला अजून महिना-दीड महिना जाऊ द्या. म्हणजे अजून दीड महिना भगर! एसटीत हे वेरूळ येईपर्यंत माझ्याकडंच बघत होते.

सकाळी मोनिका बाजरीच्या भाकरी थापत होती. हे आंघोळ करून आले, तव्यावरची भाकरी घेतली, माझ्या ताटात ठेवली आन् समोर बसले. मी ताट सरकवलं. म्हणलं, गोष्ट कुठं सांगितलीय तुम्ही? ह्यांनी घोट गिळला. आवाज कसा निघतो, निघतो का नाय, मी ह्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"कळस दिसला. राणी जेवली."

जरा घोगरा होता, पण ह्यांचाच. तोच, छातीतून येणारा. मोनिका तशीच बसली आन् तव्यावर दुसरी भाकरी करपली.

मी म्हणलं, हा तर निस्ता शेवट झाला, बाकीची गोष्ट कुठाय? ह्यांनी काही न बोलता हात डोक्यावर धरला आन् हळूहळू खाली आणला. मला कळलं. ह्यांनी वरून सुरू केलंय, खालचं सवडीनं. देवालाबी चालेल, त्याचं देऊळबी असंच झालंय.

मला रडू फुटलं. रडत रडतच मी भाकरी मोडली. एवढी ग्वाड भाकरी जन्मात खाल्ली नव्हती.

ह्यांना हुरूप आला. पुढं काही बोलायला तोंड उघडलं, तशी मी भरल्या घासानं म्हणलं, "गप बसा आता."

आन् पयल्यांदाच हे एका सांगण्यात गप बसले.