खारघरच्या शेतातला तिरकामठा

आमचे हे महाप्याच्या एका कारखान्यात फिटर होते. आम्ही दोघंही साताऱ्याकडचे. लग्न झाल्यावर कोपरखैरण्याच्या बैठ्या घरात आलो, आणि सामान लावता लावताच मला कळलं की माझ्या नवऱ्याला ना दारूचा शौक, ना पत्त्यांचा. त्यांना वेड होतं तिरकामठ्याचं. भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवं ठेवलेलं वेळूचं धनुष्य बघून शेजारणी विचारायच्या, "तुमचे मिस्टर नाटकात काम करतात का हो?"

गावाकडे लहानपणी एका कातकऱ्याच्या मागे मागे हिंडून ते शिकले होते. त्याच्याबरोबर ससे, तितर मारले होते. पुढे शिकार सुटली. कायद्यानं बंदी आली आणि इकडे रानही नव्हतं. पण वेळू तासणं, अंबाडीची दोरी वळणं, बाणाला कोंबडीची पिसं दोऱ्यानं आवळून बांधणं, हे मात्र सुटलं नाही. कामावरून आले की हातपाय धुऊन कोयता घेऊन ओट्यावर बसायचे. आम्हाला मूलबाळ झालं नाही. घरात वेळूची सालपटं पडायची, ती मी झाडायची.

रविवारी स्कूटरवरून खारघरला जायचं. तेव्हा तिथे इमारती नव्हत्या. डोंगर, त्याच्या पायथ्याला भाताची खाचरं, बाकी गवत. चादरीत गुंडाळलेलं धनुष्य मी मागे बसून उभं धरायची. भात कापून झालेल्या एका शेतात पेंढ्याची उडवी होती. तिच्यावर कापडाचा तुकडा टाचून हे बाण मारत बसायचे.

एकदा शेताचा मालक आला. आगरी म्हातारा, अंगात बंडी, डोक्यावर टोपी, हातात काठी. मला वाटलं आता हाकलणार. तो काठीवर रेलून बघत राहिला. मग म्हणाला, "माज्या पेंढ्याला भोकं पाडताव, त जरा पानी तरी पिऊन जा."

असा तो आमचा झाला. आम्ही त्याला बाबा म्हणायचो, तो मला बाय म्हणायचा. नव्या शहरासाठी जमीन कागदावर केव्हाच सरकारजमा झाली होती. पण बांधकाम सुरू होत नाही तोवर तो कसत होता.

पुढच्या वर्षी भात पिवळं पडायला लागलं आणि रानडुकरं उतरायला लागली. बाबा एका रविवारी यांच्यापुढे उभा राहिला. "तुजा बान काय निस्ता पेंढ्यालाच लागतो का रं? डुकरानं माजा अर्धा भात लोळवलाय."

"बंदी हाय बाबा. पकडलं तर जेलात," हे म्हणाले. पण त्यांच्या डोळ्यात काय आलं ते मी पाहिलं होतं. घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून लोखंडी फाळाचे दोन बाण काढले आणि कानशीनं घासायला बसले.

"अहो, जाऊ द्या ना," मी म्हटलं. "मुक्या जिवाला कशाला?"

"एकदाच गं. परत नाही."

पुढच्या शनिवारी रात्री आम्ही बाबाच्याच घरी झोपलो. उजाडायच्या सुमाराला तिघंही शेतातल्या खोपीत जाऊन बसलो. धुकं होतं. भातातून खसखस ऐकू आली आणि एक डुक्कर बांधावर आलं. काळं, ओलं, अगदी समोर. हे उभे राहिले. बाण लावला, दोरी ओढली. मी मनात म्हणत होते, चुकू दे, देवा, चुकू दे.

बाण सुटलाच नाही. दोरी छातीपर्यंत आली आणि तिथेच अडली. एरवी ती कानापर्यंत यायची. उजवा हात थरथरायला लागला. यांनी दोरी हळूच परत सोडली, परत ओढली, परत तेच. डुकरानं मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि ते भातातून निघून गेलं.

मला इतकं बरं वाटलं! हसू येत होतं, ते मी पदरात दाबलं.

"मारलास का नाय?" बाबानं विचारलं. "समोरच त व्हता!"

"लांब होतं," हे म्हणाले.

मग ते दोरी उतरवायला बसले. काम झालं की धनुष्याची दोरी उतरवायचीच, नाहीतर वेळू वाकून बसतो. धनुष्य पायात अडकवून त्यांनी दाबलं. वाकेना. पुन्हा दाबलं. शेवटी त्यांनी ते बाबाच्या हातात दिलं. बाबानं एका झटक्यात दोरी उतरवली. तेव्हा माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

आधी वाटलं, कारखान्यातली मेहनत. तेल चोळलं, शेक दिला. मग पाना हातातून निसटायला लागला, शर्टाची बटणं मी लावायला लागले. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सुया टोचून तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की मज्जातंतूंचा आजार आहे, हातापासून सुरू झालाय, हळूहळू सगळीकडे जाईल. औषध नाही. मी आत आले तर हे म्हणाले, "नको सांगूस. मला त्या दिवशी खोपीतच कळलं होतं."

पण रविवार त्यांनी सोडला नाही. नवा वेळू जास्त तासून हलका कामठा केला. काही महिन्यांनी तोही जड झाला, मग त्याहून हलका. शेवटचा तर पोरांच्या खेळण्यातला वाटावा असा होता. कोयता धरवेना म्हणून तो मी तासला, ते शेजारी बसून सांगत होते, "गाठीवर हळू. आतल्या पोटाकडून काढ, बाहेरच्या पाठीला हात लावू नको."

स्कूटर विकली. रिक्षानं जायचो. बाबानं शेतात एक खुर्ची आणून ठेवली होती. तिच्यात बसून एका दुपारी हे मला म्हणाले, "आता तू मार."

"मला कुठं येतंय?"

"मी आहे ना."

लाज वाटत होती. साडीचा पदर खोचून मी उभी राहिले. "कोपर वर. श्वास धरून ठेवू नकोस. बाणाकडे बघू नको गं, कापडाकडे बघ." माझा बाण उडवीच्या वरून गेला, गवतात पडला. बाबा शोधून आणायचा. असं कितीतरी रविवार चाललं. एकदा कापडाला लागला. मी ओरडून मागे वळले, तर यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात वर होत नव्हता. मीच जाऊन पुसलं.

"छान मारलास," ते म्हणाले. जीभही जड व्हायला लागली होती तेव्हा.

पावसाळ्यानंतर आम्ही गेलो नाही. त्यांना बसवत नव्हतं. आणि रिक्षावाल्यानं सांगितलं की तिकडे डंपर फिरतायत, मातीचा भराव चाललाय. हे मी त्यांना कळू दिलं नाही. शेत कसं आहे असं डोळ्यांनी विचारायचे, मी म्हणायची, "भात चांगला आलाय म्हणे."

संक्रांतीच्या आधी ते गेले. घरीच, सकाळी, मी पेज भरवत असताना. दीर येऊन सगळं करून गेले. जाताना भिंतीवरचं धनुष्यही गावी घेऊन गेले, आठवण म्हणून. मी अडवलं नाही, तेवढं भान नव्हतं. पुढे कळलं की पोरांच्या खेळण्यात ते मोडलं.

उन्हाळ्यात दारावर काठी वाजली. बाबा होता. धुतलेलं धोतर, हातात नातवाच्या लग्नाची पत्रिका. घर शोधत शोधत आला होता. आत येऊन खुर्चीवर टेकला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "कुठं हाय आमचा तिरंदाज?"

त्याची नजर माझ्या कपाळावर गेली. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मना कोन सांगनार, बाय," एवढंच म्हणाला. मग पत्रिका माझ्या हातात दिली. "हलदीला ये."

"बाबा, मी आता हळदीला कशी येऊ?"

"माज्या घरची हलद हाय. तुला कोन आडवतो त्ये बगतो मी."

मी गेले. मांडवात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, बँजो वाजत होता. बाबाच्या म्हातारीनं हात धरून मला आपल्या शेजारी बसवलं. कुणी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं एका वयस्क बाईनं धवले, म्हणजे आगरी लग्नातली गाणी, म्हणायला सुरुवात केली, नवरदेवाच्या आईबापाचं नाव घेऊन, एकाच संथ चालीत. ऐकता ऐकता माझ्या छातीतून हुंदका फुटला. हे गेल्यापासून मी चारचौघांत रडले नव्हते. म्हातारीनं मला गप्प केलं नाही की पाणी पुढे केलं नाही. पाठीवर हात ठेवून ती गाणं ऐकत राहिली, आणि माझं रडून झाल्यावर मला जेवायला घेऊन गेली.