लाकूड नसलेली लाकडी फरशी

घरात एखादं काम काढलं की किस्से सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांसारखे साठतात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नसते! आमच्याकडे हे घडलं पंच्याऐंशीच्या आसपास. मी नाशिकला अंबडच्या कंपनीत फिटर होतो. बाहेरच्या खोलीतल्या एका शहाबादी फरशीचा कोपरा वर आला होता. त्याला अडखळून आई पडली आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. बायको म्हणाली, "आता तरी काहीतरी करा!" बाजारात तेव्हा नवीनच प्लास्टिकचं फ्लोअरिंग आलं होतं, वर हुबेहूब सागवानी पट्ट्या छापलेलं. ठरलं!

*

मापं घ्यायला आमच्या टूलरूममधला खैरनार आला, सटाण्याकडचा. त्याने मिलिमीटरमध्ये मोजलं, दुकानदाराला फूट हवे होते आणि बायकोने खात्री म्हणून वितीने मोजलं. तिन्ही उत्तरं वेगळी! पुन्हा मोजलं, तर चौथंच उत्तर आलं. शेवटी खैरनारने कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला आणि गंभीर झाला.

"तुनी खोलीच वाकडी शे, भाऊ!"

सात वर्षं राहत होतो मी त्या खोलीत.

*

फ्लोअरिंग बसवणाऱ्या युसूफभाईंनी वर आलेला कोपरा सिमेंटने सारखा केला आणि बजावलं, "जमीन कोरडी पाहिजे. चार दिवस पाण्याचा थेंब नको!" बायकोने शेजारच्या, शाळेत शिकवणाऱ्या गायकवाडबाईंना सांगितलं, "चार दिवस खोलीत पाणी नाही हो."

दुसऱ्या दिवशी बाई शाळेतून आल्या त्या दोन भरलेल्या बादल्या घेऊनच. "शेजारी कशाला असतात?" म्हणत त्यांनी बादल्या टेकवल्या आणि त्यातली एक कलंडली!

चार दिवस पुन्हा पहिल्यापासून.

*

फ्लोअरिंगची गुंडाळी सरळ व्हावी म्हणून आम्ही ती गच्चीवर उलगडून ठेवली. वर जाऊन बघतो तर तिच्यावर गायकवाडबाईंच्या साबुदाण्याच्या पापड्या!

"एवढं स्वच्छ प्लास्टिक अंथरलंत, मला वाटलं माझ्यासाठीच!"

"वाळल्याशिवाय उचलायच्या नाहीत," आईने निकाल दिला.

युसूफभाई दोन दिवस हात हलवत परत गेले. "भाभी, मी फ्लोअरिंग लावायला येतोय की पापडांच्या राखणीला?"

*

खोली वाकडी, तर निदान दारातली रेघ सरळ दिसू दे, असा खैरनारचा आग्रह. म्हणून दारापासून सुरुवात केली. सोल्युशन लावत, शीट दाबत आम्ही तिघं पार खिडकीशी पोचलो. युसूफभाई कपाळ पुसत म्हणाले, "झालं! आता चार तास यावर पाय ठेवायचा नाही."

"मग बाहेर कसं जायचं?"

युसूफभाईंनी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. खिडकीला गज!

बायकोने गजांतून चहा दिला. खैरनारची सेकंड शिफ्ट बुडाली. त्याने अर्जात खरं कारण लिहिलं. साहेबांनी मला बोलावून हळूच विचारलं, "हा खैरनार पितो का हो?"

*

हरसूलहून सासरे आले. काठीने फरशी ठोकून म्हणाले, "कंच्या झाडाची?"

"झाड नाही मामा, प्लास्टिक आहे."

"मंग या रेघा? झाडाला तर वर्साला एक रेघ येती."

"छापल्यात त्या."

काठीच्या टोकाने त्यांनी रेघा मोजल्या.

"म्हंजे आता वय बी छापून मिळतं व्हय!"

*

आईचं प्लास्टर निघालं. तिचं उभं आयुष्य मखमलाबादला मळ्यात भाजीपाला पिकवण्यात गेलेलं. मळा सुटून दहा वर्षं झाली होती आणि हल्ली ती कधीकधी दिवस-वार, माणसं, सगळंच विसरायची. नव्या फरशीवर ती दोन पट्ट्यांमधल्या काळ्या रेघेवरूनच, पावलापुढे पाऊल टाकत चालायची. मला वाटलं, पडण्याची धास्ती घेतलीय. एवढा खटाटोप केला तो कशासाठी, असं वाटून वाईटही वाटलं.

महिन्याभराने भिंतीकडची एक कड सुटली म्हणून युसूफभाई आले आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले. आई जोरात ओरडली, "अहो भाऊ, मेथीत उभे आहात! बांधावरून चला की!"

समजावून सांगायला मी उठलो.

युसूफभाईंनी खाली पाहिलं. मग आईकडे पाहिलं. "चुकलं, आई," म्हणाले, पिशवी उचलली आणि पावलापुढे पाऊल टाकत, काळ्या रेघेवरून भिंतीपर्यंत गेले.