नववी फळी

हुडकेश्वरच्या पुढे आमचा एक छोटा प्लॉट होता. त्यावर मी लाकूड कापायची जुनी आरा मशीन घेऊन बसवली. परवाना हातात आल्याशिवाय वीज जोडली नाही. मशीनखालच्या काँक्रीटला एकवीस दिवस पाणी दिलं. चाकं ओळंब्याने तीनदा तपासली. पात्याची जाडीही मोजून वहीत लिहिली, एक मिलिमीटर. मोजमापात मी ढिला माणूस नाही, एवढंच यातून सांगायचं आहे. तरी पहिल्याच महिन्यात चुकलो.

जवळच्याच वस्तीतले एक निवृत्त काका कडुलिंबाचं खोड घेऊन आले. अंगणात नवी खोली बांधायची म्हणून झाड काढावं लागलं होतं. परवानगीचा कागद मी आधी पाहिला.

"चाळीस वर्षं याच्या सावलीत बसलो," काका म्हणाले. "आता याच्यावर झोपीन. तखत बनवाचा आहे."

खोडाचा सरळ भाग आखूड होता, म्हणून तखताच्या रुंदीत फळ्या आडव्या, एकीला एक लावून टाकायच्या ठरल्या. चारी बाजू काढून नऊ इंच उंच, आठ इंच रुंद ठोकळा निघत होता. मी हिशेब मांडला. एक इंच जाडीच्या नऊ फळ्या, प्रत्येकी आठ इंच रुंद, म्हणजे बहात्तर इंच. सहा फुटांचा तखत. काकांची उंची पाच फूट सात. काका खूश झाले.

आमच्या मिस्त्रींनी ठोकळा कापला. हे माझ्याहून मोठे, उभं आयुष्य आऱ्यावर काढलेले. आठ फळ्या निघाल्या. नववीच्या जागी पापडाएवढा पातळ काप हातात आला.

"भाऊ, पात्यानं खाल्लेलं धरलं नव्हतं का?" मिस्त्री म्हणाले.

पात्याचे दात दोन्ही बाजूंना जरा वाकवलेले असतात. पातं एक मिलिमीटरचं असलं, तरी दर कापाला जवळपास तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. आठ कापांत एक इंच गेला होता. वहीतला तो एक मिलिमीटर मी नगण्य धरला होता.

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही लिहून राहिले होते. मले वाटलं, धरलं असन."

मी काकांना जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. चूक माझी आहे, माझ्याकडच्या सागाची एक फळी देतो, असंही म्हणालो.

"साग काहून लावू गा? माह्या झाडाचा पाहिजे होता," काका म्हणाले. मग आठ फळ्या जमिनीवर ओळीने लावून त्यांवर आडवे झाले. तीन इंच पाय बाहेर. ते हसले नाहीत, मीही नाही.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "ब्लाउज शिवाले बी शिलाईचा अर्धा इंच धरा लागते. तुम्हाले एवढं बी मालूम नव्हतं?"

सकाळी मी गेलो तेव्हा मिस्त्री भिंतीशी टाकलेले, ठोकळ्याच्या बाजूंचे गोलसर तुकडे उलटेपालटे करून पाहत होते. हे तुकडे काकांच्या बंबात जाणार होते. त्यातल्या दोन तुकड्यांतून चार-चार इंचांच्या दोन पट्ट्या निघतील, असं त्यांचं म्हणणं. या वेळी पात्याने खाल्लेलं मी आधी वजा केलं, मगच मशीन सुरू करू दिली. पट्ट्या निघाल्या. एकीच्या कडेला साल राहिली.

"राहू द्या," काका म्हणाले. "झाड होतं, इतकं तरी समजते."

फळ्या चार महिने शेडमध्ये, मधे काड्या ठेवून वाळवल्या. वाळताना लाकूड आकसेल, साधारण दोन इंच जातील, हे मी काकांना पहिल्याच दिवशी सांगून कागदावर लिहून दिलं होतं. तखत तयार झाल्यावर टेप घेऊन त्यांच्या घरी गेलो. सत्तर इंच भरला.

सालीची पट्टी सुताराने पायथ्याशी लावली होती. काका मात्र तिकडे डोकं करून झोपले.

"पाय पाहा," ते म्हणाले.

मी पाहिले. पाय आत होते. तरीही टेप लावली. तीन इंच जागा उरत होती.